कोड ९८

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी चकलीची भाजणी मळत होते आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पाटावर बसून सोऱ्याला आतून तेल लावत होत्या. ओट्यावरचा फोन वाजला. अनोळखी नंबर. एरवी उचलला नसता, पण हात पिठात असले की माणूस नको ते करतो. करंगळीने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे एक कोवळा आवाज, आणि त्याच्या मागे आणखी पंधरा-वीस आवाजांचा गलका, शाळेत पाढे म्हणताना येतो तसा. ‘नमस्कार ताई, विधानसभा निवडणुकीचा सर्व्हे करतोय, दोन मिनिटं मिळतील का?’ मिळतील म्हटलं. वय विचारलं, शिक्षण विचारलं, मतदारसंघ विचारला. मग एका दमात वाचून दाखवलेला प्रश्न आला, ‘आज मतदान झालं तर तुम्ही कोणत्या पक्षाला मत द्याल?’ मी मावशींकडे पाहिलं. मावशी सोऱ्याकडे पाहत होत्या, म्हणजे कान पुरते इकडे होते. आणि मी खोटं बोलले.

अडखळले नाही, खाकरले नाही. खणखणीत आवाजात बोलले.

‘धन्यवाद ताई, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे,’ असं म्हणून ती मुलगी पुढच्या नंबरकडे गेली. मी पिठाला आणखी थोडं मोहन घातलं, ज्याची काही गरज नव्हती. चकल्या त्यामुळे तेलात विरघळल्या, पण तो विषय वेगळा. मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मला बी आलता असा फोन. मी म्हनले, तुमालाच देनार.’ मी विचारलं, ‘तुम्हाला म्हणजे कुणाला? कुठल्या पक्षाचा होता तो?’ ‘ते कुठं मला म्हाईत! इचारनाऱ्याला बरं वाटलं पायजे, बास.’ आणि सोऱ्याची चकती बदलून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

एक निरुपद्रवी थाप, ती मनातून जायला हवी होती. मी कुणाचं देणं बुडवलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही असं म्हणायची मुभाही होती. पण ती थाप भाजणीसारखी नखात अडकून बसली, कारण वीस वर्षांपूर्वी मी त्या मुलीच्या जागी होते. फोनवर नव्हे, दारात.

एप्रिल २००४. एम. ए. च्या वर्गातल्या आम्हा आठ-दहा जणांना एका सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं. दिवसाचे पैसे, जाण्यायेण्याचं भाडं, आणि गळ्यात अडकवायला एक ओळखपत्र, ज्याचं आम्हाला पैशांपेक्षा जास्त अप्रूप होतं. त्याआधी पुण्यातल्या एका हॉलमध्ये तीन दिवस प्रशिक्षण. प्रशिक्षक पहिल्याच तासाला म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण या धंद्यातले सगळे वापरतात, हे नंतर कळलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘पण भात एकसारखा शिजलेला असेल तर. खाली करपला असेल आणि वर दडदडीत असेल, तर वरचं शीत चेपून काय कळणार?’ दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी नेमकं तेच सांगितलं, फक्त त्यांनी त्यासाठी अमेरिकेला नेलं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी पत्रं पाठवली, चोवीस लाखांच्या आसपास उत्तरं परत आली, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असं छापलं. निवडून आले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन. साप्ताहिकाने पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारवाल्यांच्या नोंदींतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार असलेली माणसं म्हणजे पातेल्यातला वरचा थर. त्याच निवडणुकीत गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून बरोबर सांगितलं. चोवीस लाख शितं चेपून कळलं नाही ते पातेलं ढवळून घेतलं की कळतं.

ढवळायचं कसं, हे उरलेले दोन दिवस शिकवलं. मतदारयादी घ्यायची, ठरावीक अंतराने नावं उचलायची आणि त्याच माणसाला गाठायचं. शेजारीण घरात आहे, बोलायला उत्सुक आहे, चहासुद्धा टाकलाय. तिला विचारायचं नाही. यादीतली बाई रानात असेल तर रानात जायचं. संध्याकाळी पुन्हा जायचं. ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर त्याला कोड होता, ९८. उत्तर द्यायलाच नकार दिला तर ९९. ‘९८ जास्त आणू नका,’ आम्हाला बजावलं होतं. ‘९८ म्हणजे तुम्ही नीट विचारलं नाही.’

वाठार स्टेशनला पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन दुपारचं होतं. कोरेगाव तालुक्याचा हा उत्तरेकडचा भाग. साताऱ्याचं नाव घेतलं की लोकांना कृष्णा, ऊस, हिरवं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इकडे तसं नाही. त्यात मागचे दोन पावसाळे कोरडे गेलेले. गावात शिरतानाच रिकाम्या घागरींची रांग दिसली, माणसं नाहीत, नुसत्या घागरी, टँकरची वाट बघत. माझ्या यादीत पंचवीस नावं होती. त्यातली सहा माणसं मुंबईत निघाली, माथाडी, वाशीच्या मार्केटला. यादीत गावात, पोट मुंबईत. ‘मतदानाला येतील की,’ प्रत्येक घरात सांगत होते. ‘गाडी करून आणतात.’ कोण आणतात ते सांगत नव्हते. दोन नावं वारलेल्यांची होती. एका घरात म्हातारबाबांनी मलाच विचारलं, ‘आमी कुनाला द्यावं म्हन्तीस तू?’ आणि मी प्रशिक्षणात शिकवलेलं तटस्थ हसू हसले तेव्हा म्हणाले, ‘मंग एवढं शिकून उपेग काय?’

सतरावं नाव एका बाईचं होतं. वय पस्तीस. तिचं नाव मला आजही पाठ आहे, पण लिहिणार नाही.

घराच्या दर्शनी भिंतीवर एका पक्षाचं चिन्ह रंगवलेलं, चांगलं पुरुषभर उंच. ओसरीवर सासू शेंगा फोडत होती. ‘तिला काय कळतंय, मला इचारा. आमच्या घरात समद्यांचं एकच असतंय.’ मी नियम सांगितला, यादीत सूनबाईंचं नाव आहे. सासूने आत हाक मारली. बाई आली ती हाताला राख लागलेली, भांडी अर्धवट टाकून. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, बसली नाही. पाणी कुठून आणता, रेशन मिळतं का, पाच वर्षांत तुमची स्थिती सुधारली की बिघडली, ती सगळ्याची नीट उत्तरं देत गेली. पाण्याच्या प्रश्नाला तर टँकरचा वार, वेळ आणि घरामागे किती घागरी हेही सांगितलं, जे फॉर्ममध्ये लिहायला जागाच नव्हती. मग मी तो प्रश्न विचारला. तिने सासूकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘सांगता येत नाही.’

मी ९८ ला गोल केला.

आमच्याकडे यावर एक उपाय होता. चिन्हं छापलेली एक खोटी मतपत्रिका आणि पत्र्याची छोटी पेटी. तोंडाने सांगायला नको, शिक्का मारा, घडी करा, पेटीत टाका. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत सगळ्या देशात पहिल्यांदा मतदान यंत्रं आली होती. सरकार बटण दाबायला शिकवत होतं आणि आम्ही कागद घेऊन फिरत होतो. मी तिच्या हातात पत्रिका दिली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘हे कुणालाही कळणार नाही.’ तिने कागद उलटसुलट पाहिला. मग राख लागलेला हात पातळाला पुसला आणि आमच्याकडे पाठ करून आत गेली, अगदी आत, चुलीपाशी. बाहेर सासू म्हणाली, ‘एवढा का येळ लागतोय?’ आली तेव्हा कागदाच्या इतक्या घड्या घातल्या होत्या की तो पेटीच्या फटीतून जाईना. तिने अंगठ्याने रेटून आत ढकलला.

आता हे सांगायला हवं. पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात एक क्रमांक होता. फॉर्मवर तोच क्रमांक होता. तसा नसेल तर अभ्यासाला काही अर्थ राहत नाही. कुठल्या वयाच्या, कुठल्या जातीच्या, किती शिकलेल्या माणसाने काय ठरवलं ते जुळवणार कसं? कागदावर नाव कुठेच नव्हतं, आणि पुण्याला गेल्यावर ती बाई हजारो ओळींतली एक ओळ होणार होती. संस्थेच्या दृष्टीने मी बोलले ते खरं होतं. पण त्या रात्री शाळेच्या वर्गखोलीत, कंदिलाच्या उजेडात पेटी उघडून घड्या सोडवत बसले होते ती मी होते, आणि सतराव्या क्रमांकाचा चेहरा मला माहीत होता. ‘कुणालाही’ या शब्दात मी येत नव्हते, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

त्या कागदावर काय होतं तेही लिहिणार नाही. वीस वर्षांनी तरी एवढं पाळावं.

पण तिला ‘सांगता येत नव्हतं’ असं मुळीच नव्हतं, एवढं कळलं. शिक्का ठसठशीत होता, एका चौकटीत, रेषेला न शिवता. आमच्या पर्यवेक्षकाने फॉर्म पाहिला, पत्रिका पाहिली आणि वैतागून म्हणाला, ‘इकडे ९८ आणि इकडे स्पष्ट मत? हे जुळत नाही. ९८ खोड.’ मी खोडलं. आज वाटतं, त्या पंचवीस फॉर्मांत मी आणलेलं सगळ्यात खरं उत्तर ते ९८ होतं. माहीत नाही, असं ती म्हणालीच नव्हती. सांगता येत नाही, म्हणाली होती. मराठी नीट ऐकली असती तर त्या तीन शब्दांत ओसरी, शेंगा आणि भिंत, सगळं होतं.

आपल्या भाषेनेच हा घोटाळा करून ठेवलाय. मनात असतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही मत. एक सांगायचं असतं, दुसरं द्यायचं असतं. दुसऱ्याला तर दान म्हणतो आपण, आणि दान उजव्या हाताने केलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये अशीच रीत आहे. सर्व्हेवाला या दोन मतांच्या मधल्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दोन्ही एकच आहेत ना, मग सांगून टाका.

त्या वर्षी मोठमोठ्यांचाच अंदाज कोसळला. ‘भारत उदय’च्या जाहिराती पानंच्या पानं भरून येत होत्या, मुदतीआधी निवडणूक घेतली होती, वाजपेयींचं सरकार परत येणार असं एक्झिट पोल सांगत होते. १३ मेला काँग्रेस १४५ आणि भाजप १३८. आम्ही मेसमध्ये टीव्हीसमोर उभे होतो आणि मला एकदम रिकाम्या घागरींची रांग आठवली. अर्थात तेव्हा मला सगळ्याच गोष्टींवरून ती रांग आठवायची, त्यामुळे याला विश्लेषण म्हणू नये.

पुण्याला ही खोड जुनी आहे. १९६२ च्या निवडणुकीत विद्यापीठातल्या प्रा. सिरसीकरांनी पुण्याच्या मतदारांना असंच घरोघर गाठून अभ्यास केला होता. पुढे सुहास पळशीकरांसारख्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ‘लोकनीती’ या निवडणूक-अभ्यासाच्या उपक्रमातून हे काम अनेक वर्षं केलं. त्यांना मतदार समजून घ्यायचा होता. नंतर ज्यांनी हेच हत्यार उचललं त्यांना मतदार हवा होता. २०१४ नंतर तर प्रत्येक पक्षाची वॉर रूम झाली, रणनीतीकार नावाची नवी जात आली, आणि ‘सर्व्हेत नाव नाही’ हे वाक्य पूर्वीच्या ‘दिल्लीहून निरोप नाही’च्या जागी येऊन बसलं. तिकीट कापायचं तर सर्व्हे, द्यायचं तर सर्व्हे, जागा मित्रपक्षाकडून काढून घ्यायची तर त्याहून मोठा सर्व्हे. तो कुणी पाहिलेला नसतो. ग्रामदैवताच्या कौलासारखा तो लागतो, आणि लावणाऱ्याच्या मनासारखा लागला की पुजाऱ्याला बक्षिशी.

माझी तेव्हाची एक वर्गमैत्रीण आज हेच काम करते, कुणासाठी ते दर निवडणुकीला बदलतं. तिचा लॅपटॉप पाहिला की माझी पत्र्याची पेटी फारच बापडी वाटते. प्रत्येक मतदान केंद्राला रंग, प्रत्येक रंगाला कार्यकर्ता, प्रत्येक कार्यकर्त्याला यादीचं एकेक पान. ‘कोणाला देणार हा प्रश्न आम्ही आता नावापुरता विचारतो,’ ती म्हणाली. ‘तुमच्या गल्लीत कोण चालेल असं विचारतो. माणूस स्वतःबद्दल थापा मारतो, शेजाऱ्याबद्दल खरं सांगतो.’ मला हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. मग तिने बायकांच्या बैठकांबद्दल सांगितलं. दहा-बारा जणी, समाजमंदिर, चहा-चिवडा, कोपऱ्यात रेकॉर्डर. लाडकी बहीण योजनेच्या पंधराशे रुपयांवर तासभर चर्चा. ‘रकमेवर त्या फार बोलतच नाहीत गं. “माझ्या खात्यात येतात” यावर बोलतात. माझ्या. हा एक शब्द मी अहवालात ठळक केला.’ आठवडाभरात तो शब्द भाषणात आला असेल, पोस्टरवर आला असेल. बायकांच्या तोंडचा शब्द घ्यायचा, धुऊन इस्त्री करायचा आणि त्यांनाच परत विकायचा, याचा मला राग आला. तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘त्याआधी त्यांना कुणी तासभर विचारत तरी बसलं होतं का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बसले होते वीस मिनिटं, आणि टँकरची वेळ लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

एवढं सगळं जमवूनही आकडे हातातून निसटतातच. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्काही फरक नव्हता, आणि जागा मात्र महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. हजार माणसांच्या नमुन्यात तीन टक्के इकडेतिकडे होणार हे गणितच सांगतं. मग एका टक्क्याच्या आतली गोष्ट कुठल्या चिमट्याने पकडणार? देशभर तेच. १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल साडेतीनशेच्या पुढे बोलत होते, ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली, आणि एका नामांकित संस्थेचे प्रमुख चालू कार्यक्रमात रडले. लोकांनी त्यांची टिंगल केली. मला करवली नाही. घड्या सोडवलेल्या माणसाला दुसऱ्याचा चुकलेला हिशेब हसण्यावारी नेता येत नाही.

आणि साताऱ्यात त्याच दिवशी काय झालं? उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. त्यांच्याविरुद्ध उभ्या शशिकांत शिंदे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाचं चिन्ह नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणतात. त्या पिपाणीला ३७,०६२ मतं. त्यातली किती मनापासूनची आणि किती चुकून, कुणी सांगावं. मी तो आकडा वाचला आणि चुलीपाशी कागद उलटसुलट करून पाहणारी ती बाई आठवली. आता पंचावन्नची असेल. कदाचित स्वतःच ओसरीवर शेंगा फोडत बसत असेल. तिने चुकून पिपाणी दाबली नसणार, याची मी पैज लावते. तिने काय दाबलं असेल याची नाही.

नोव्हेंबरात विधानसभा झाली. २३ तारखेला महायुतीचे तिन्ही पक्ष मिळून २३०. बहुतेक पोलवाल्यांनी महायुती पुढे दाखवली होती, पण निकाल त्यांच्या आकड्यांच्याही पुढे निघून गेला. मी टीव्ही पाहत होते, मावशी खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांना पंधराशे मिळत होते. ऑगस्टमध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे एकदम आले, तेव्हा पेढे आणले होते. पडद्यावर सगळे एकच सांगत होते, लाडक्या बहिणींनी तारलं. मी मावशींकडे बघत राहिले; मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर तोच जुना प्रश्न छापलेला असावा. त्यांनी एक जून काडी बाजूला टाकली. ‘समदं आमच्यावरच ढकलत्यात. बाप्ये काय झोपले हुते का त्या दिवशी?’

त्या दुपारी मी खोटं का बोलले, हे मला तेव्हा उलगडलं. माझं खरं उत्तर मावशींच्या पंधराशे रुपयांच्या आड येणारं होतं, किंवा येतं असं त्यांना वाटलं असतं. आमच्या दोघींमध्ये पंधरा वर्षांचा चहा आहे, उसने दिलेले-घेतलेले पैसे आहेत, त्यांच्या मुलीच्या दहावीचा निकाल आहे. फोनवरच्या मुलीसाठी हे सगळं मध्ये घालायची माझी तयारी नव्हती. माझी ओसरी ओट्याएवढी होती, इतकंच. आणि शिकलेली असूनही मला ‘सांगता येत नाही’ म्हणणं सुचलं नाही. ते म्हणायला जास्त धैर्य लागतं.

परवा महापालिकेच्या निवडणुकीआधी पुन्हा फोन आला. या वेळी मुलगी नव्हती, गलका नव्हता. गुळगुळीत रेकॉर्ड केलेला आवाज. अमुक पक्षासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. माझे हात मोकळे होते, पण मी म्हटलं, ‘मावशी, घ्या, तुम्हाला विचारतायत.’ त्यांनी लसूण खाली ठेवला. पदराला हात पुसला. फोन घेतला, पूर्ण ऐकला, पुन्हा ऐकण्यासाठीचा आकडा दाबून पुन्हा ऐकला. मग माझ्याकडे पाठ केली, खिडकीपर्यंत गेल्या, आणि एकदाच टिक् असा आवाज आला.

फोन परत देताना म्हणाल्या, ‘चटनीला किती पाकळ्या सोलू?’